हाकेला ओ कोण देतो?

ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून प्रिंटची आज्ञा दिली की दोन-तीन सेकंदांत कोपऱ्यातला प्रिंटर घरघरू लागतो. मधल्या वेळात काय घडले याची चौकशी सहसा कुणी करत नाही. कॉम्प्युटरला प्रिंटरचा आयपी ॲड्रेस ठाऊक असतो, समजा १९२.१६८.१.५०. पण कॉम्प्युटरच्या पोटातल्या नेटवर्क कार्डाला हा आकडा काही कामाचा नसतो. कार्डाला कळतो तो ४८ बिटांचा हार्डवेअर पत्ता, म्हणजेच मॅक ॲड्रेस. प्रिंटरच्या कार्डावर तो कारखान्यातच लिहिला गेलेला असतो आणि कॉम्प्युटरला तो कुणीही कळवलेला नसतो. मग कॉम्प्युटर चाळीच्या अंगणात उभे राहून ओरडावे तशी हाक मारतो: १९२.१६८.१.५० कोण आहे, त्याने मला कळवा. नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला ती हाक ऐकू जाते. बाकीची यंत्रे गप्प राहतात, प्रिंटर ओ देतो आणि सोबत आपला मॅक ॲड्रेस धाडतो. हा सगळा व्यवहार बहुतेक वेळा एका मिलिसेकंदाच्या आतबाहेर उरकतो.

या व्यवहाराचे नाव ॲड्रेस रेझोल्यूशन प्रोटोकॉल, थोडक्यात एआरपी. नोव्हेंबर १९८२ मध्ये एमआयटीतल्या डेव्हिड प्लमर यांनी तो आरएफसी ८२६ या दस्तऐवजात मांडला. इंटरनेटचे बाकीचे कितीतरी नियम तेव्हापासून बदलले, काही मोडीत निघाले. एआरपीचा मूळ मजकूर मात्र आजही लागू आहे. ओ देणारा खरोखर तोच आहे का, हे तपासण्याची सोय त्यात तेव्हाही नव्हती, आजही नाही. गेल्या चार दशकांत हाक बदलली नाही. बदलत गेला तो ओ देणारा.

हाक मारायची वेळच का आली, हे समजायला १९७० च्या दशकातल्या कॅलिफोर्नियात जावे लागते. झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी १९७३ पासून इथरनेट उभे करायला घेतले. त्या प्रायोगिक इथरनेटचा वेग सेकंदाला २.९४ मेगाबिट होता आणि पत्ता अवघ्या ८ बिटांचा. झेरॉक्सच्या 'पप' या प्रोटोकॉलमध्येही यंत्राचा क्रमांक ८ बिटांचाच होता. दोन्ही आकडे एकच असल्यामुळे कुणी कुणाला काही विचारण्याचा प्रश्नच नव्हता.

मग झेरॉक्स, डीईसी आणि इंटेल या तीन कंपन्यांनी मिळून १९८० मध्ये १० मेगाबिटचे व्यापारी इथरनेट जाहीर केले आणि त्यात पत्ता एकदम ४८ बिटांचा झाला. त्यामागचा विचार योगेन दलाल आणि रॉबर्ट प्रिंटिस यांनी १९८१ च्या एका निबंधात मांडला आहे. दलाल हे आयआयटी मुंबईचे विद्यार्थी. पुढे स्टॅनफर्डला गेल्यावर त्यांनी विंट सर्फ आणि कार्ल सनशाइन यांच्याबरोबर डिसेंबर १९७४ मध्ये टीसीपीचा पहिला तपशीलवार आराखडा लिहिला होता. त्यांचा आणि प्रिंटिस यांचा आग्रह असा, की पत्ता जागेला नव्हे तर यंत्राला द्यावा. तो जगात एकमेव असावा आणि यंत्र कुठल्याही केबलला जोडले तरी तोच राहावा. उत्पादकांना क्रमांकांचे गठ्ठे वाटण्याचे काम सुरुवातीला झेरॉक्स करत असे, नंतर ते आयट्रिपलई या संस्थेकडे गेले. पत्त्याचे पहिले २४ बिट पाहिले की कार्ड कोणत्या कंपनीचे ते आजही कळते. ०८-००-२० ने सुरू होणारा पत्ता दिसला की जुनेजाणते लोक सन मायक्रोसिस्टिम्सचे यंत्र म्हणून ओळखत.

झेरॉक्सने आपल्या पुढच्या नेटवर्क प्रोटोकॉलमध्ये हा ४८ बिटांचा पत्ता जसाच्या तसा सामावून घेतला आणि विषय मिटवला. इंटरनेटवाल्यांची पंचाईत इथेच झाली. आयपीचा पत्ता ३२ बिटांचा ठरून गेला होता. त्यात ४८ बिट कोंबणार कसे? डीईसीने आपल्या डेकनेटसाठी उलटा मार्ग काढला. त्यांचा पत्ता १६ बिटांचा होता, तर यंत्र सुरू होताना कार्डाचा मूळ मॅक ॲड्रेस बाजूला सारून तिथे एए-००-०४-०० आणि पुढे ते १६ बिट असा नवा पत्ता चढवायचा. हिशेब चोख, विचारणा नाही. पण एकाच कार्डावर दोन वेगळे प्रोटोकॉल चालवायचे असले की कार्डाचा पत्ता कुणाच्या मर्जीने ठरणार, हा तंटा उभा राहतो. एमआयटीत तर त्या वेळी आयपीखेरीज स्वतःचे केऑसनेटही नांदत होते.

प्लमर यांचे उत्तर त्या मानाने फारच साधे होते. कोणत्या आयपीचा मॅक कोणता याचे कोष्टक आधीपासून भरून ठेवू नका, कुणाच्या पत्त्याला हात लावू नका, गरज पडली की विचारा. शिवाय त्यांनी पॅकेटची रचना आयपी किंवा इथरनेट यांना बांधून ठेवली नाही. दोन्ही पत्त्यांचा प्रकार आणि लांबी पॅकेटातच लिहायची, म्हणजे उद्या दुसरे हार्डवेअर आले तरी चालेल.

हे पॅकेट एकदा जवळून पाहण्यासारखे आहे. इथरनेट आणि आयपीसाठी ते अवघे २८ बाइटांचे असते. पहिले ८ बाइट प्रकार, लांबी आणि कामाचा क्रमांक सांगतात: विचारणा असेल तर १, उत्तर असेल तर २. मग विचारणाऱ्याचा मॅक आणि आयपी, त्यानंतर ज्याला शोधायचे त्याचा मॅक आणि आयपी. विचारणा करताना शोधायच्या यंत्राच्या मॅकची जागा अर्थातच रिकामी, बहुधा शून्यांनी भरलेली. ज्या फ्रेममध्ये हे बसते तिच्यावर ०८०६ हा शिक्का असतो आणि पत्त्याच्या जागी सगळेच्या सगळे ४८ बिट १, म्हणजे 'सर्वांसाठी'. इथरनेटला ४६ बाइटांपेक्षा लहान मजकूर चालत नाही, म्हणून उरलेले १८ बाइट काहीतरी भरून पुरे करतात. हे 'काहीतरी'ही निरुपद्रवी ठरले नाही. जानेवारी २००३ मध्ये असे उघड झाले, की कित्येक कार्डांचे ड्रायव्हर तिथे शून्ये भरण्याऐवजी मेमरीत पडलेला जुना मजकूर तसाच पाठवून देत होते. त्या त्रुटीला 'इथरलीक' असे नाव पडले.

पॅकेट मिळाल्यावर काय करायचे याचा क्रम त्याहून बोलका आहे. पाठवणाऱ्याचा आयपी आपल्या कोष्टकात आधीच असेल तर त्याच्यापुढचा मॅक नव्याने लिहून टाकायचा. मग पाहायचे की विचारणा आपल्यासाठी आहे का; असेल आणि नोंद नसेल तर नोंद करायची. ही विचारणा आहे की उत्तर, हे सगळ्यात शेवटी पाहायचे. दस्तऐवजात ही शेवटची पायरी चांगली ठासून, उद्गारचिन्हांसह सांगितली आहे. यामागे काटकसर होती. जो मला विचारतो आहे त्याला बहुधा मी लगेच उत्तर पाठवणार, तेव्हा त्याचा पत्ता याच फेरीत टिपून ठेवला तर एक विचारणा वाचते. पण याचा दुसरा अर्थ असा, की आपण काही विचारले होते का, हे कुणी तपासत नाही. न विचारता आलेले उत्तरही कोष्टकात जाऊन बसते. एका केबलला लटकलेली मोजकी यंत्रे, सगळी एकाच प्रयोगशाळेची, त्या काळात यात कुणाला वावगे वाटले नाही.

नोंद किती काळ ठेवायची हे १९८२ मध्ये ठरवलेच नाही. ते ज्याचे त्याच्यावर सोडले. १९८९ च्या आरएफसी ११२२ ने शिळ्या नोंदी काढून टाकायची सोय सक्तीची केली आणि एकाच पत्त्यासाठी सेकंदाला एकाहून जास्त हाका मारू नयेत असे सुचवले. प्रत्यक्षात आजही ज्याची त्याची तऱ्हा वेगळी. विंडोज आणि लिनक्स नोंद साधारण १५ ते ४५ सेकंद ताजी मानतात आणि मग पुन्हा खातरजमा करतात. सिस्कोचा राउटर मात्र मूळ सेटिंगमध्ये ती चार तास जपतो. त्याच कंपनीचा स्विच कोणता मॅक कोणत्या पोर्टवर आहे ही आपली वेगळी यादी पाच मिनिटांत पुसतो. या दोन आकड्यांच्या फरकातून नेटवर्क सांभाळणाऱ्यांच्या कित्येक रात्री खराब झाल्या आहेत. जाण्याचा आणि येण्याचा रस्ता वेगळा असला, तर राउटरला पत्ता आठवतो पण स्विच तो कुठल्या पोर्टवर आहे हे विसरलेला असतो. मग स्विच ते पॅकेट सगळ्याच पोर्टांवर ओततो. नेटवर्क मंदावते आणि कारण शोधून सापडत नाही.

एआरपीची हाक भिंतीपलीकडे जात नाही. राउटर ती पुढे पाठवत नाही. पुण्यातल्या कॉम्प्युटरने लंडनच्या सर्व्हरला पॅकेट पाठवले तर त्यावर लंडनचा मॅक नसतो, घरच्याच राउटरचा असतो. पुढच्या प्रत्येक टप्प्यावर जुना मॅक पुसून नवा लिहिला जातो, आयपी तेवढा टिकतो. (निदान घरातल्या राउटरने पत्ताबदल केल्यानंतरचा तरी.) म्हणून घरात सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा पत्ता गेटवेचा, म्हणजे घरच्या राउटरचा, बहुधा १९२.१६८.१.१. आणि म्हणूनच केबलवाल्याच्या राउटरमागे तोच पत्ता असलेला दुसरा राउटर जोडला की चालू असलेले नेट बंद पडते.

दुसऱ्याच्या वतीने ओ देण्याची पद्धत फार लवकर सुरू झाली. १९८० च्या दशकाच्या मध्यावर विद्यापीठांनी आपली मोठी नेटवर्के तुकड्यांत विभागायला घेतली, पण जुन्या यंत्रांना हे तुकडे कळत नव्हते. पलीकडच्या तुकड्यातले यंत्रही आपल्याच केबलवर आहे असे समजून ती हाक मारत राहत. तेव्हा मधल्या राउटरने 'तो मीच' म्हणून आपला मॅक सांगायचा आणि पॅकेट आले की पलीकडे पोहोचते करायचे, अशी युक्ती निघाली. हीच प्रॉक्सी एआरपी. १९८४ मध्ये जॉन पोस्टेल यांनी आरएफसी ९२५ मध्ये ही कल्पना मांडली आणि १९८७ च्या आरएफसी १०२७ मध्ये तिचा प्रत्यक्ष वापर नोंदवला गेला. तांत्रिक भाषेत ती सोय होती. पण एका यंत्राने दुसऱ्याच्या नावावर उत्तर देणे नियमात बसते, हेही तिने मान्य करून टाकले.

त्याच सुमारास उलट्या दिशेची विचारणाही आली. डिस्क नसलेल्या वर्कस्टेशनला स्वतःचा मॅक ठाऊक असे, आयपी नसे. जून १९८४ च्या रिव्हर्स एआरपीने ती अडचण सोडवली. पण त्यातून फक्त आयपी मिळे, बाकी काही नाही. म्हणून १९८५ मध्ये बूटपी आणि १९९३ मध्ये डीएचसीपी आले, आणि रिव्हर्स एआरपी विस्मरणात गेला.

डीएचसीपी गाठ पडला नाही की विंडोजच्या स्क्रीनवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसतो, हे नेट दुरुस्तीला येणाऱ्या प्रत्येक पोराला पाठ असते. हा पत्ता कॉम्प्युटरने स्वतःच्या मनाने घेतलेला असतो, पण आंधळेपणाने नव्हे. आधी तो एआरपीनेच विचारून पाहतो: हा पत्ता कुणाचा आहे का? अशी चाचपणी करताना पाठवणाऱ्याच्या आयपीच्या जागी ०.०.०.० लिहायचे, म्हणजे इतरांच्या कोष्टकांत भलती नोंद होत नाही. ही पद्धत ॲपलच्या जुन्या ॲपलटॉकमधून आली. ॲपलमध्येच काम करणाऱ्या स्टुअर्ट चेशायर यांनी २००८ च्या आरएफसी ५२२७ मध्ये तिचे नियम नीट बांधून दिले: तीनदा विचारा, कुणी बोलले नाही तर पत्ता आपला समजा आणि तसे जाहीर करा.

न विचारता केलेल्या या जाहीर घोषणेलाच ग्रॅच्युइटस एआरपी म्हणतात. बँकेत किंवा रुग्णालयात दोन सर्व्हर जोडीने ठेवलेले असतात. एक पडला की दुसरा तोच आयपी घेऊन उभा राहतो आणि पहिली गोष्ट करतो ती ही घोषणा. ती ऐकून सगळी यंत्रे आपापल्या नोंदी बदलतात आणि काम सुरू राहते. न विचारलेले उत्तर मान्य करण्याची तीच जुनी सवय इथे कामी येते.

आणि त्याच सवयीवर चोरांनीही हात मारला. एटी अँड टी बेल लॅब्जमधल्या स्टीव्हन बेलोव्हिन यांनी १९८९ च्या निबंधात टीसीपी-आयपीच्या सुरक्षेतली भोके दाखवताना एआरपीकडेही बोट दाखवले होते. तेव्हा ते तज्ज्ञांपुरते राहिले. त्यातच १९९० मध्ये कल्पना नावाच्या कंपनीने इथरनेट स्विच बाजारात आणला. तिचे एक संस्थापक विनोद भारद्वाज यांनी कंपनीला पत्नीचे नाव दिले होते. १९९४ मध्ये सिस्कोने ही कंपनी विकत घेतली. स्विच आल्यावर एकाचे पॅकेट सगळ्यांना दिसणे थांबले, आणि आता चोरून ऐकणे संपले अशी समजूत पसरली. २००० च्या सुमारास मिशिगन विद्यापीठातल्या डग साँग यांनी डीस्निफ हा साधनसंच खुला केला. त्यातला एआरपीस्पूफ हा छोटा प्रोग्राम एका बाजूला कॉम्प्युटरला सांगतो की राउटर मीच, दुसऱ्या बाजूला राउटरला सांगतो की कॉम्प्युटर मीच. दोघे विश्वास ठेवतात आणि सगळी वाहतूक तिऱ्हाइताच्या हातून जाऊ लागते. स्विच बिचारा सांगितलेल्या पत्त्यावर पॅकेट पोहोचवत राहतो.

पुढे हे तंत्र इतके सोपे झाले, की कॉलेजच्या वसतिगृहांत नेटकट नावाचा प्रोग्राम खेळण्यासारखा वापरला जाऊ लागला. एका बटणात शेजारच्या खोलीतल्याचे नेट बंद, आपला सिनेमा जोरात डाउनलोड. गंभीर प्रकारही घडले. जून २००८ मध्ये मेटास्प्लॉइट या सुरक्षाक्षेत्रातल्याच नामांकित प्रकल्पाच्या संकेतस्थळावर घुसखोरांचा संदेश झळकला. त्यांच्या सर्व्हरला कुणी हातही लावला नव्हता. त्याच होस्टिंग केंद्रातला, त्याच स्थानिक नेटवर्कवरचा दुसरा सर्व्हर ताब्यात घेऊन तिथून खोट्या एआरपी उत्तरांनी वाहतूक वळवली होती. शेजारी कोण राहतो यावर आपली सुरक्षा अवलंबून असते, हे सुरक्षातज्ज्ञांनाही अशा रीतीने कळले.

वायफायच्या बाबतीत तर एआरपीने स्वतः काही न करता कुलूप फोडायला मदत केली. वेप या जुन्या संरक्षणपद्धतीत मजकूर सांकेतिक होत असे, पण फ्रेमची लांबी आणि 'सर्वांसाठी' हा पत्ता उघडा राही. एआरपी पॅकेटची लांबी ठरलेली, त्याचे सुरुवातीचे बाइटही ठरलेले. त्यामुळे कुलूपबंद असूनही ते लांबून ओळखता येई. ओळखलेले पॅकेट पुन्हा पुन्हा हवेत सोडायचे, म्हणजे ॲक्सेस पॉइंट दर वेळी ते नव्याने सांकेतिक करून पाठवतो आणि किल्ली शोधायला लागणारा माल गोळा होतो. २००७ मध्ये डार्मस्टाटच्या तंत्रविद्यापीठातल्या टेव्स, वाइनमान आणि पिश्किन यांनी दाखवले, की अशी ४०,००० पॅकेटे हाती आली तर १०४ बिटांची किल्ली सापडण्याची शक्यता निम्मी असते आणि एकूण काम मिनिटाभरात होते. वेपची खरी अखेर या निबंधाने झाली.

उपाय निघाले, पण सगळे एआरपीच्या बाहेरून. महत्त्वाच्या नोंदी हाताने कायमच्या लिहिणे हा पहिला. दहा यंत्रांना ठीक, हजारांना अशक्य. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतून आलेला एआरपीवॉच नोंदी बदलल्या की कारभाऱ्याला मेल पाठवतो. पण तो पहारा करतो, अडवत नाही. सर्वात परिणामकारक ठरली ती स्विचने पंच होण्याची पद्धत. डीएचसीपीने कोणता आयपी कोणत्या मॅकला दिला हे स्विच टिपून ठेवतो आणि त्याच्याशी न जुळणारे एआरपी पॅकेट जागीच टाकून देतो. मोठ्या कंपन्यांत हे असते, घरगुती राउटरमध्ये क्वचितच. मधल्या काळात संकेतस्थळांनी एचटीटीपीएस स्वीकारल्यामुळे मध्ये बसलेल्याला पासवर्ड वाचणे कठीण झाले. नेट तोडणे मात्र आजही तितकेच सोपे आहे.

नव्याने मांडणी करण्याची संधी आयपीव्ही६ च्या निमित्ताने मिळाली होती. तिथे एआरपी नाही. त्याचे काम नेबर डिस्कव्हरी करते. तिचा पहिला आराखडा १९९६ चा, सध्याचा आरएफसी ४८६१ सप्टेंबर २००७ चा. मोठी सुधारणा अशी, की सगळ्यांना ओरडून न विचारता, शोधायच्या पत्त्याचे शेवटचे २४ बिट घेऊन तेवढ्यापुरत्या गटाला विचारायचे. बहुतेक वेळा त्या गटात एकच यंत्र असते. अशा गटासाठीच्या मॅक ॲड्रेसची सुरुवात ३३-३३ ने होते. हा आकडा आला कुठून? आयपीव्ही६ घडवणाऱ्यांना अज्ञात आकड्याच्या जागी ३ लिहायची सवय होती, आणि ज्या पार्क केंद्रात इथरनेट जन्मले त्याचा टपालाचा पत्ता होता ३३३३, कायोटी हिल रोड, पालो आल्टो. आरएफसी ७०४२ मध्ये ही आठवण अधिकृतपणे नोंदवली आहे.

विश्वासाच्या बाबतीत मात्र नेबर डिस्कव्हरी एआरपीच्याच वाटेने गेली. उत्तरावर सही असावी म्हणून २००५ मध्ये सेंड नावाची जोड तयार झाली. पत्ताच सांकेतिक किल्लीतून काढायचा, म्हणजे खोटे उत्तर पकडले जाईल. कागदावर ती उत्तम होती. विंडोजसारख्या प्रमुख ऑपरेटिंग सिस्टिमांनी ती घेतली नाही आणि ती कागदावरच राहिली. उलट एक नवी अडचण तेवढी आली. आयपीव्ही६ च्या एका साध्या नेटवर्कात २ चा ६४ वा घात इतके पत्ते असतात. बाहेरच्या कुणी त्यांतल्या रिकाम्या पत्त्यांवर पॅकेटांचा मारा केला, की राउटर प्रत्येकासाठी विचारणा करत बसतो आणि त्याचे कोष्टक भरून जाते. २०१२ च्या आरएफसी ६५८३ चा सगळा विषय हाच आहे.

रिकाम्या पत्त्यांसाठीच्या हाका आयपीव्ही४ मध्येही डोकेदुखी ठरल्या. इंटरनेट एक्स्चेंजमध्ये शेकडो कंपन्यांचे राउटर एकाच मोठ्या स्थानिक नेटवर्कवर बसलेले असतात. मुंबईतल्या एक्स्चेंजचीही रचना हीच. त्यांतला एक राउटर बंद पडला की उरलेले त्याच्या नावाने हाका मारत सुटतात आणि त्या ऐकण्यातच सगळ्यांचे प्रोसेसर थकतात. ॲमस्टरडॅमच्या एक्स्चेंजने यावर एआरपी स्पंज नावाचा प्रोग्राम लिहिला. एका पत्त्यासाठी हाका ठराविक मर्यादेपलीकडे गेल्या, की स्पंज स्वतःच ओ देतो आणि येणारी पॅकेटे गिळून टाकतो. हे उत्तर उघड उघड खोटे असते. तेवढ्यानेच नेटवर्क शांत होते.

जुलै २००७ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात हाकांचा असाच पूर आला. सेकंदाला १८,००० पर्यंत विचारणा होऊन वीस-तीस ॲक्सेस पॉइंट दहा-पंधरा मिनिटे ठप्प होत होते. आयफोन बाजारात येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते, त्यामुळे खापर त्याच्यावर फुटले. आयफोन नव्या नेटवर्कवर आल्यावर आधीच्या राउटरचा पत्ता विचारून पाहत असे हे खरे, पण ती विचारणा एकेकट्यापुरती होती. तिचा पूर करणारी चूक सिस्कोच्या वायफाय कंट्रोलरमध्ये निघाली आणि कंपनीने तसे जाहीर करून दुरुस्ती दिली.

वायफायवर 'सर्वांसाठी' असलेले प्रत्येक पॅकेट महागात पडते. ते सगळ्यात मंद वेगाने पाठवावे लागते, आणि झोपलेल्या फोनना त्यासाठी ठराविक वेळी जागे व्हावे लागते. म्हणून चांगले ॲक्सेस पॉइंट आता फोनच्या वतीने परस्पर ओ देतात. फोनची झोप मोडत नाही. त्यात मॅक ॲड्रेसचा कायमपणाही संपत आला आहे. अँड्रॉइड १० ने २०१९ मध्ये आणि आयओएस १४ ने २०२० मध्ये प्रत्येक वायफायसाठी वेगळा बनावट मॅक वापरायला सुरुवात केली, जेणेकरून मॉलमधल्या किंवा विमानतळावरच्या वायफायला माणसाचा माग काढता येऊ नये. असा पत्ता ओळखायला सोपा: त्याचा दुसरा अंक २, ६, ए किंवा ई असतो. डेकनेटच्या एए मध्येही 'हा पत्ता कारखान्याचा नव्हे' असे सांगणारा तोच बिट होता. ठरलेल्या मॅकनाच प्रवेश देणाऱ्या ऑफिसांची आणि वसतिगृहांची यादी यामुळे निकामी झाली. दलाल आणि प्रिंटिस यांनी मांडलेला जन्मभराचा पत्ता असा फोनपुरता तरी बाद ठरला. तोच फोन ४जी वर असला, तर त्याला मॅकही लागत नाही आणि एआरपीही; मोबाइल टॉवरशी त्याची थेट एकास एक जोडणी असते. हॉटस्पॉट सुरू केला की मात्र जोडलेल्या लॅपटॉपची हाक लगेच ऐकू येते.

डेटा सेंटरांत हा बदल टोकाला गेला आहे. एका इमारतीत लाखभर आभासी यंत्रे असली तर हाकांचा कोलाहल परवडणारा नाही, हे आरएफसी ६८२० ने २०१३ मध्ये मांडले. साधा लिनक्स सर्व्हर मूळ सेटिंगमध्ये १,०२४ शेजाऱ्यांच्या नोंदी ठेवतो. कुबरनेटिसचे मोठे क्लस्टर ही मर्यादा सहज ओलांडते आणि लॉगमध्ये शेजाऱ्यांचे कोष्टक भरल्याची तक्रार उमटू लागते. ईव्हीपीएनसारख्या तंत्रात सगळे स्विच आपापसांत आधीच पत्त्यांची देवाणघेवाण करून ठेवतात आणि हाक आली की पहिलाच स्विच उत्तर देऊन मोकळा होतो.

ॲमेझॉनने जून २०१६ मध्ये मुंबईत आपले क्लाउड केंद्र सुरू केले. तिथे भाड्याने घेतलेल्या आभासी यंत्रातले लिनक्स आजही १९८२ च्या नियमाबरहुकूम हाक मारते. ती हाक ज्या सर्व्हरवर ते यंत्र चालते त्याच्याबाहेर पडत नाही. सर्व्हर ती अडवतो, कोणता आयपी कुठे आहे हे कंपनीच्या मध्यवर्ती मॅपिंग सेवेकडून जाणून घेतो आणि स्वतःच उत्तराचे पॅकेट बनवून आत सोडतो. ज्याच्या नावाने हाक मारली त्या यंत्राला याचा पत्ताही लागत नाही. खोटी उत्तरे पसरवणाऱ्यालाही इथे वाव नाही, कारण त्याची उत्तरे कुणापर्यंत पोहोचतच नाहीत. गूगलच्या क्लाउडने आणखी एक पाऊल पुढे टाकले. तिथल्या यंत्राला नेटवर्कची हद्द सांगणारा मास्कच असा मिळतो, की त्याच्या दृष्टीने नेटवर्कवर दुसरे कुणी नसतेच. हाक मारायची ती फक्त गेटवेला. एआरपी अजिबात काढून टाकणे मात्र यांतल्या कुणालाच जमलेले नाही. आतली ऑपरेटिंग सिस्टिम उत्तर येईपर्यंत पॅकेट हातातून सोडत नाही, तेव्हा ओ कुणीतरी द्यावीच लागते.